शेंड्याकडून वाळणारी झाडं

पाऊस परतीला लागला आणि ऑक्टोबरचं ऊन चटकायला लागलं की कर्जत-खालापूरच्या वाड्यांतून एक तक्रार हमखास येते. काल-परवापर्यंत बरा दिसणारा आंबा, आणि आज त्याची एक फांदी करपलेली. पानं तपकिरी, कडा वळलेल्या, पण गळलेली नाहीत; महिनाभर तशीच लटकून राहतात. बाकी झाड हिरवंगार. कोणी म्हणतं वाळवी लागली, कोणी म्हणतं वीज पडली असेल, आणि संध्याकाळपर्यंत कृषी सेवा केंद्रातून बुरशीनाशकाची एक बाटली घरी येते.

ती फांदी दोन दिवसांत गेलेली नसते. बुरशी तिच्या सालीखाली पावसाळाभर, कधी त्याच्याही आधीपासून मुक्कामाला असते. पावसात हवा ओली, ऊन नाही, पानांना पाणी थोडं लागतं. त्यामुळे लाकडातल्या नळ्या निम्म्या बुजल्या तरी फांदी तग धरते. आभाळ मोकळं झालं की पानं पाणी मागतात आणि खालून ते पोचत नाही. म्हणजे ऑक्टोबर-नोव्हेंबर हा दुखणं दिसण्याचा काळ झाला. ते जडलं कधी, हे शोधायचं तर मागे जावं लागतं.

या दुखण्याला आपल्याकडे फांदीमर किंवा शेंडेमर म्हणतात. आंब्यावर ते बहुतेक वेळा लॅसिओडिप्लोडिया थिओब्रोमी या बुरशीमुळे होतं. जुन्या पुस्तकांत हिचंच नाव बोट्रिओडिप्लोडिया असं सापडेल. काजू, पेरू, चिकू, लिंबू यांच्यावरही ती असते. काढणीनंतर आंबा देठाकडून काळा पडत कुजतो, त्या देठकुजीमागेही बऱ्याचदा तीच असते. तेव्हा आढीतले आंबे देठाशी सडायला लागले तर झाडाच्या फांद्यांकडेही एकदा मान वर करून बघावं.

उष्ण प्रदेशात ही बुरशी सगळीकडे आहे. बांधावर पडलेल्या काटक्यांत आहे, मेलेल्या डहाळ्यांत आहे, निरोगी दिसणाऱ्या झाडातही ती गपचूप राहू शकते. तिला वाडीतून हद्दपार करता येत नाही आणि तशी गरजही नसते, कारण धडधाकट झाडाचं ती फारसं काही बिघडवू शकत नाही. जगात याच्या उलट उदाहरणं आहेत. अमेरिकेत १९०४ साली न्यूयॉर्कच्या प्राणिसंग्रहालयात चेस्टनटच्या झाडांवर साल मारणारा एक बुरशीजन्य रोग दिसला. आशियातून आलेली ती बुरशी निरोगी झाडांनाच मारत सुटली आणि पुढच्या पन्नासएक वर्षांत त्या देशातलं चेस्टनटचं जंगल जवळजवळ संपलं. आपल्याकडची फांदीमर त्या जातीची नाही. ती वाट बघत बसते. झाडाला जखम झाली, मुळं गुदमरली, उन्हानं साल भाजली की मग आत शिरते. म्हणून फांदी वाळलेली दिसली की औषध कुठलं, हा माझ्या मते दुसरा प्रश्न. पहिला प्रश्न, गेल्या दोन-तीन वर्षांत या झाडाला आपण काय केलं?

आधी दुखणं नक्की करा

निदानाला प्रयोगशाळा लागत नाही, धारदार चाकू लागतो. वाळलेल्या भागापासून खाली सरकत थोड्या थोड्या अंतरावर साल नखाएवढी खरवडा. आत हिरवं-ओलं दिसलं तर तो भाग जिवंत. तपकिरी-कोरडं दिसलं तर मेलेला. दोन्हींची सीमा सापडली की तिथली एखादी बारीक डहाळी कापून उभी चिरा. फांदीमर असेल तर पांढरट लाकडात तपकिरी रेघ उतरत गेलेली दिसते, आणि वरून हिरव्या वाटणाऱ्या भागातही ती काही अंतर पुढे गेलेली असते. ही रेघ एकदा नीट बघून घ्या, कारण पुढे कुठे कापायचं ते तीच सांगणार आहे. जुन्या वाळलेल्या डहाळ्यांच्या सालीवर टाचणीच्या टोकाएवढे काळे ठिपके असतात. त्यांत बुरशीचे बीजाणू भरलेले असतात आणि पावसाच्या शिंतोड्यांबरोबर ते शेजारच्या फांदीवर जातात. जाड फांदीवर किंवा खोडावर साल खोलगट होऊन तडकते, कडेनं डिंक पाझरतो आणि तो सुकून काळपट ओघळ राहतात.

दुसरं दुखणं गुलाबी बुरशीचं. नाव एरिथ्रिशियम साल्मोनिकलर, जुनं नाव कॉर्टिशियम. हे भर पावसातलं काम. तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस झेलणाऱ्या आणि माथेरानच्या डोंगराखाली दिवसदिवस ऊन न बघणाऱ्या आपल्या पट्ट्यात त्याला सगळं सोयीचं मिळतं. फणस, कोकम, काजू, आंबा ही त्याची आवडती झाडं. सुरुवात बेचक्यात होते, जिथे पाणी साचतं आणि ऊन पोचत नाही. आधी सालीवर रुपेरी पांढरे, रेशमी धागे पसरतात. मग तिथे फिकट गुलाबी लेप चढतो, चुन्यात थोडं कुंकू पडावं तसा. पुढे साल तडकून सुटते आणि त्या बेचक्याच्या वरचा सगळा भाग वाळतो. फणसाची एखादी मोठी फांदी ऑगस्ट-सप्टेंबरात पिवळी पडली तर पानांकडे बघत बसू नका, शिडी लावून बेचका बघा. गुलाबी रंग काही आठवड्यांत उडून पांढरट होतो. दिवाळीत बघायला गेलात तर ओळख पटणार नाही.

आणि जी दुखणी नाहीत, किंवा ही नाहीत, तीही सांगायला हवीत, कारण त्यांच्यापायी बराच पैसा वाया जातो. खोडावरचे राखाडी-हिरवट चट्टे म्हणजे दगडफूल. ते सालीवर फक्त बसलेलं असतं, झाडाचं काही खात नाही. त्यावर फवारणी करणं म्हणजे भिंतीवरच्या सावलीला रंग देणं. खोडावर मातीची नळी चढलेली असेल तर ती वाळवी, आणि ती बहुधा मेलेली साल खायला आलेली असते. बुंध्याशी लाकडाचा भुसा पडलेला आणि खोडाला भोक असेल तर तो भिरूड, म्हणजे खोडकिडा; तिथे आकडीच्या तारेनं अळी बाहेर ओढून भोक बुजवावं लागतं. बांडगुळाच्या पुढचा फांदीचा तुकडा वाळतो, तोही बुरशीनं नव्हे. काजूची कोवळी पालवी काळी पडून वाळली तर आधी ढेकण्या शोधा. या किडीनं सोंड खुपसली की तिथूनच पुढे बुरशी शिरते, त्यामुळे दोन्ही एकत्रही सापडतात.

सागाचं तर दरवर्षीचंच. पावसाळ्याच्या शेवटी अळ्या सागाच्या पानांचा हिरवा भाग खाऊन नुसती जाळी ठेवतात आणि डोंगरउतारावरची सागाची रानं जळल्यासारखी दिसतात. झाड मेलेलं नसतं. मार्च-एप्रिलमध्ये शनिवार-रविवारी येणारी शहरातली मंडळी निष्पर्ण साग आणि पांगारा बघून ‘ही वाळलेली झाडं काढून टाका’ असं गड्याला सांगतात, हेही ऐकलेलं आहे. साल खरवडून बघा. आत हिरवं असेल तर जूनपर्यंत थांबा.

झाडाला आपण काय केलं

गेल्या वीस-पंचवीस वर्षांत नेरळ, कशेळे, कडाव, चौक, वावोशी या बाजूंना फार्महाऊसचे प्लॉट पडले, त्यातले कितीतरी पूर्वीच्या भातखाचरांवर. खाचर कशासाठी असतं? पाणी धरून ठेवण्यासाठी. बांध घालून, चिखलणी करकरून पिढ्यान्‌पिढ्या ती जमीन पाणी खाली जाऊ नये म्हणून तयार केलेली आहे. तिथे खड्डा खणून हापूसचं कलम लावलं की जुलै-ऑगस्टमध्ये तो खड्डा हौद होतो. मुळांना हवा मिळत नाही, बारीक मुळं कुजतात, आणि ऑक्टोबरात वरचे शेंडे वाळू लागतात. आपल्या जुन्या लोकांनी आंबा लावला तो बांधावर, वरकसावर, टेपावर. खाचरात लावला नाही. त्यांना बुरशीचं नाव माहीत नव्हतं, पण पाणी कुठे थांबतं हे पक्कं माहीत होतं.

अशा जमिनीत लावायचंच असेल तर खड्ड्याऐवजी उंचवटा करा. आजूबाजूच्या जमिनीपेक्षा दोन फूट उंच आणि चांगला रुंद ढीग, त्यावर कलम, आणि पाणी प्लॉटबाहेर नेणारा चर. कलमाचा जोड मातीच्या वर राहायला हवा. रोपवाटिकेतून मोठ्या पिशवीत आणलेलं झाड ‘घट्ट बसावं’ म्हणून जोडासकट पुरलं जातं आणि जोडाच्या जखमेतून बुरशीला आयता रस्ता मिळतो. लावलेलं झाड लहान असेल तर पावसाळ्याच्या तोंडावर उचलून पुन्हा वर लावता येतं. मोठं असेल तर फक्त चर.

याच्या उलट प्रकार जुन्या झाडांच्या बाबतीत होतो. प्लॉटवर पन्नास-साठ वर्षांचा रायवळ आंबा असतो, त्याच्याकडे बघूनच जागा घेतलेली असते. मग सपाटी करण्यासाठी भराव पडतो आणि बुंध्याभोवती दोन-तीन फूट माती चढते. वर हिरवळ, हिरवळीला तुषार सिंचन, आणि बसायला म्हणून बुंध्याला चिकटून सिमेंटचा पार. झाडाची अन्नपाणी घेणारी मुळं बहुतेक वरच्या दीड-दोन फुटांतच असतात, ती गुदमरतात. आंबा हे सहन करतो, पण कुढत. दुसऱ्या-तिसऱ्या वर्षी वरचे शेंडे वाळायला लागतात, आणि तेव्हा भरावाची आठवण कोणाला नसते. बुंध्याकडे बघा : खोड जमिनीत शिरताना मुळांच्या दिशेनं पसरायला हवं. ते विजेच्या खांबासारखं सरळ आत गेलेलं दिसलं तर समजा की भराव झालेला आहे. खोडापासून निदान तीन-चार फुटांपर्यंतची माती हातानं, फावड्यानं काढा, जेसीबीनं नव्हे. पाइपलाइनसाठी फांद्यांच्या घेराखाली चर मारणारा जेसीबी अर्ध्या दिवसात जेवढी मुळं तोडतो, तेवढी कुठलीच बुरशी दहा वर्षांत कुजवत नाही.

ब्रश कटरचं नुकसान इतकं खाली होतं की लक्षातच येत नाही. पावसाळ्यात गवत गुडघ्याएवढं होतं, माणूस यंत्र घेऊन येतो, बुंध्यालगतचं गवतही नीट निघावं म्हणून दोरी खोडाला लावतो. तीन-चार वर्षांच्या कलमाची साल ती किती पातळ. दर पंधरवड्याला त्याच उंचीवर, जमिनीपासून वीतभर, साल सोलली जाते. कधी अर्ध्या घेरापर्यंत. पावसाळ्यातली ओली, उघडी जखम, जमिनीलगत, मातीचे शिंतोडे उडतात तिथे. बुरशीला याहून काय हवं. खोडाभोवती दीड-दोन फुटांचं गोल आळं हातानं भांगलून ठेवा, त्यावर पेंढा किंवा पालापाचोळा घाला (खोडाला न टेकवता) आणि त्या गोलात यंत्र न्यायचं नाही असं गड्याला बजावा. खोडाला ठोकलेले पाट्यांचे खिळे, फांदीत रुतलेला झोपाळ्याचा दोर, दिव्यांच्या माळा आवळायला गुंडाळलेली तार, हेही एकदा फिरून काढून टाका.

शेतकऱ्यांच्या वाडीत दुखणी वेगळी. राबासाठी, म्हणजे भाताच्या रोपांची दाढ भाजायला, टाहाळ तोडतात तेव्हा कोयत्याचा घाव जिथे बसेल तिथे बसतो आणि फांदी फाटून लोंबते. ऐनासारखं रानटी झाड वर्षानुवर्षं हे सोसतं, वाडीतला आंबा-फणस सोसत नाही. बाग करारानं दिलेली असेल तर पॅक्लोब्युट्राझोल किती पडतं यावर मालकाचं लक्ष हवं. मोहोर लवकर आणणारं हे औषध झाडाची वाढ दाबूनच काम करतं. शिफारशीपेक्षा जास्त, वर्षामागून वर्ष पडलं की पालवी आखूड होत जाते आणि झाड थकतं. आणि वादळं. ३ जून २०२० ला निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर चढलं आणि आतल्या तालुक्यांतही फांद्या मोडल्या. पुढे चार महिने पाऊस, माणसं छपरांच्या मागे, झाडांच्या जखमा तशाच. जुन्या झाडांवर आजही मोडक्या फांद्यांचे सुके खुंट दिसतात. त्या खुंटांतून कुज खोडाच्या गाभ्याकडे सरकत जाते, म्हणून आताही ते काढणं फुकट जात नाही.

कापायचं कुठे आणि कधी

वाळलेला भाग काढणं हाच या रोगावरचा खरा उपाय आहे. मेलेली फांदी कुठल्याही औषधानं हिरवी होत नाही आणि सालीखालच्या बुरशीपर्यंत वरून मारलेला फवारा पुरेसा पोचत नाही. पाऊस पूर्ण थांबल्यावर, ऑक्टोबरच्या उत्तरार्धात किंवा नोव्हेंबरच्या सुरुवातीला, दोन-चार कोरडे दिवस बघून काम काढा. एप्रिल-मेमध्ये, पावसाआधी, एक फेरी पुन्हा. भर पावसात छाटणी नको. अपवाद गुलाबी बुरशीचा. ती दिसली की उघडीप बघून लगेच काढायची, नाहीतर बेचक्यावरची सगळी फांदी जाते.

रोगट भागाच्या खाली वीतभर निरोगी लाकडात कापा आणि कापाचं तोंड बघा. मघाची तपकिरी रेघ तिथेही ठिपक्याच्या किंवा पाचरीच्या रूपात दिसत असेल तर अजून खाली जा. तोंड स्वच्छ पांढरट दिसेपर्यंत थांबायचं नाही. इथे माणसाचा हात कचरतो, विशेषतः फळणारी फांदी असेल तर. पण चार बोटं लाकूड वाचवायला जाऊन पुढच्या वर्षी हातभर जातं.

जाड फांदी एका घावात तोडू नका. आधी खालच्या बाजूनं एक तृतीयांश करवत चालवा, मग तिच्या थोडं पुढे वरून कापा. फांदी वजनानं पडली तरी साल खोडापर्यंत सोलत जात नाही. उरलेला खुंट तिसऱ्या कापात काढा. फांदी जिथे खोडाला मिळते तिथे सालीची एक फुगीर कडी असते. काप त्या कडीच्या अगदी बाहेर हवा. कडी कापून खोडाशी सपाट केलं तर जखम मोठी होते, आणि लांब खुंट ठेवला तर तो कुजतो. त्या कडीतूनच नवी साल वळून जखम झाकते. अमेरिकेच्या वनखात्यातले अ‍ॅलेक्स शिगो यांनी हजारो झाडं उभी चिरून हे दाखवून दिलं. जखमेभोवती झाड आतून भिंती उभारतं आणि कुज त्या भिंतींच्या आत कोंडतं. म्हणून त्या भिंती आपण फोडायच्या नाहीत. ढोलीतलं मऊ लाकूड खरवडून सिमेंट भरण्याची पद्धत अजून दिसते. ती सोडून द्या. सिमेंट आणि लाकूड यांच्यात पाणी साचतं आणि कुज जास्त जोरात चालते.

कोयता झाडावर नको, करवत वापरा. एका झाडावरून दुसऱ्यावर जाताना पातं फडक्यानं पुसून स्पिरिटनं ओलं करा. आणि एकाच वेळी झाड बोडकं करू नका. आतापर्यंत सावलीत असलेल्या फांद्यांवर थेट ऊन पडलं की साल भाजून तडकते आणि त्या तडकेतून तीच बुरशी परत येते. छाटणीनंतर उघड्या पडलेल्या फांद्यांना चुन्याचा हात द्या.

कापलेलं बांधावर टाकून देऊ नका. पावसात त्यावरूनच बीजाणू उडतात. आपल्याकडे याची सोय आयती आहे. जाड लाकूड चुलीला, आणि डहाळ्या-काटक्या पुढच्या राबाला. पहिल्या पावसाआधी दाढ भाजली जाते, तेवढं पुरे. राब भाजणं जमिनीला चांगलं की वाईट हा वेगळा वाद आहे, पण भाजणारच असाल तर रोगट काटक्यांइतका योग्य माल दुसरा नाही. फक्त रानालगत असाल तर जाळरेषा काढल्याशिवाय काडी लावू नका.

मोरचूद आणि चुना

जखमेला काय लावायचं? डांबर, ऑइलपेंट, ग्रीस यांतलं काही नाही. शिगो यांच्या प्रयोगांत असल्या लेपांनी कुज थांबली नाही, आणि लेपाखाली ओल कोंडते ती वेगळीच. मग बोर्डो पेस्ट तरी कशाला, असं विचारता येईल. माझं मत असं की चार महिने न सुकणाऱ्या आपल्या हवेत ताज्या कापावर बीजाणू रुजू न देणारा तांब्याचा थर उपयोगी पडतो. ते झाकण म्हणून लावायचं नाही, बुरशीनाशक म्हणून लावायचं. बारीक डहाळ्यांच्या कापांना त्याचीही गरज नाही. अंगठ्याहून जाड कापांना लावा.

घरच्या वापराला १०० ग्रॅम मोरचूद, १०० ग्रॅम कळीचा चुना आणि १ लिटर पाणी पुरतं. मोरचूद निम्म्या पाण्यात प्लॅस्टिकच्या बादलीत रात्रभर भिजवा. लोखंडी किंवा जस्ताच्या भांड्यात नको, तांबं भांड्यावरच बसतं. चुना दुसऱ्या भांड्यात थोडं थोडं पाणी घालून विरवा. तो उकळतो, तोंड जवळ नेऊ नका, चष्मा लावा. थंड झाल्यावर उरलेलं पाणी घाला, गाळा, आणि मग दोन्ही एकत्र ओतत काठीनं ढवळा. आकाशी रंगाचं दाट मिश्रण होतं. त्यात विळ्याचं घासलेलं पातं मिनिटभर बुडवा. पात्यावर तांबूस लेप आला तर चुना कमी पडला, अजून निवळी घाला. ही चाचणी टाळू नका. मोकळं राहिलेलं मोरचूद साल आणि पालवी भाजतं. बाजारात कळीचा चुना न मिळता विरलेल्या चुन्याची भुकटीच मिळाली तर ती सव्वा ते दीडपट लागते, आणि किती ते पातंच सांगेल. मिश्रण त्याच दिवशी वापरा. कापाला लावा, बेचक्यांत लावा, आणि पुढे एक-दोन दिवस कोरडे मिळतील असं बघा.

फवारणीसाठी हेच मिश्रण पातळ, एक टक्क्याचं : १ किलो मोरचूद, १ किलो चुना, १०० लिटर पाणी. मेअखेर, फळं उतरल्यावर आणि पावसाआधी, फणस-कोकम-काजूच्या बेचक्यांवर एक फवारणी गुलाबी बुरशीला चांगली अडवते. पावसात लांब उघडीप मिळाली तर आणखी एक. एवढा खटाटोप नको असेल तर कॉपर ऑक्सिक्लोराइड लिटरला अडीच ते तीन ग्रॅम चालतं. पंप आणि बादल्या ओढ्यावर किंवा पेज नदीच्या पाण्यात धुऊ नका. तांबं माशांना मारतं.

हे औषध सापडलं तेही गमतीशीर. फ्रान्समध्ये बोर्डोजवळच्या द्राक्षबागांत वाटसरूंनी द्राक्षं तोडू नयेत म्हणून रस्त्याकडेच्या वेलींवर मोरचूद-चुन्याचे निळे शिंतोडे मारत. १८८२ साली तिथल्या विद्यापीठातले मिलार्दे यांच्या लक्षात आलं की रोगानं बाकी बाग पानं गाळून बसली आहे, पण कडेच्या त्या वेलींवर पानं टिकलेली आहेत. १८८५ मध्ये त्यांनी ते प्रमाणासकट प्रसिद्ध केलं.

बाकीच्या झाडांबद्दल थोडक्यात. लिंबाच्या पानांवर-फळांवर खरबरीत खपली असलेला खैरा जिवाणूमुळे होतो. तो आणि लिंबाची शेंडेमर या दोन वेगळ्या गोष्टी, जरी एकाच झाडावर दिसल्या तरी. गुलाबाची काडी छाटल्यावर वरून काळी पडत येते, तीही शेंडेमरच. डोळ्याच्या लगेच वर तिरका काप घ्या, वर खुंट ठेवू नका. कडुनिंबाचे शेंडे पावसाळ्यानंतर सगळे एकदम करपले, तर तेलंगणात २०२१ च्या सुमारास मोठ्या प्रमाणावर दिसलेला फोमॉप्सिस बुरशीचा रोग असू शकतो; तिथली बरीचशी झाडं पुढे पुन्हा फुटली, म्हणून तोडायची घाई नको. गुलमोहोराच्या बुंध्याशी कडक, तपकिरी, लाकडासारखी आळंबी उगवली असेल तर मात्र गोष्ट फांदीपुरती नाही. मुळं कुजलेली आहेत, वर पालवी कितीही चांगली असो. त्याखाली गाडी लावू नका, मुलांना खेळू देऊ नका आणि पावसाआधी झाडाचं काय करायचं ते ठरवा.

झाड मुळापासून काढायची वेळ आली तर आधी परवानगी. आंबा, फणस, साग, ऐन, खैर अशी अनुसूचित झाडं खासगी जागेत असली तरी १९६४ च्या वृक्षतोड अधिनियमाखाली येतात. खोपोली किंवा कर्जत नगरपरिषदेच्या हद्दीत १९७५ चा नागरी क्षेत्रातल्या झाडांचा कायदा लागतो. आणि कर्जत-खालापूरचा काही भाग फेब्रुवारी २००३ पासून माथेरान पर्यावरण-संवेदनशील क्षेत्रात आहे. तुमचा गट नंबर त्यात येतो का ते तलाठ्याकडे किंवा वनखात्याकडे आधी विचारा. रोगाचे फोटो काढून अर्जाला जोडले की काम सोपं होतं.

निदान जमत नसेल तर तालुका कृषी अधिकाऱ्यांचं कार्यालय आहे, रोह्याला कृषी विज्ञान केंद्र आहे, आणि दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठात वनस्पती रोगशास्त्राचा विभाग. कर्जतचं संशोधन केंद्र भातासाठी प्रसिद्ध असलं तरी ते याच विद्यापीठाचं आहे, तिथेही योग्य माणसाचा पत्ता मिळतो. नमुना नेताना पूर्ण वाळलेली काटकी नेऊ नका. तिच्यावर नंतर आलेल्या दहा बुरश्या सापडतील. जिवंत आणि मेलेल्या लाकडाची सीमा मधोमध येईल असा वीतभर तुकडा कापा, वर्तमानपत्रात गुंडाळा (प्लॅस्टिकच्या पिशवीत तो घामेजून सडतो) आणि त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी पोचवा. सोबत कागदावर लिहा : झाडाचं वय, जमीन खाचराची की वरकस, भराव कधी पडला, पाणी किती दिवस साचतं, शेवटची छाटणी कधी झाली, आणि गेल्या वर्षभरात झाडावर काय काय फवारलं.